बिनफोडणीचं वरण

सोमवारी सकाळी भागिरथाबाईंनी नेहमीसारखं नवऱ्यासाठी, जानरावांसाठी, बिनफोडणीचं वरण वेगळं काढलं. दोन वर्षं हा नेम चालला होता. "काकाच्या लिव्हरले सूज हाय काकू, तेल-तिखट देऊ नको," असं डॉक्टर प्रसेनजितनं सांगितलं होतं. धनजच्या बौद्ध वस्तीतला हा पहिला डॉक्टर. लहानपणी भीमजयंतीची मिरवणूक त्यानं जानरावांच्याच खांद्यावर बसून पाहिली होती. त्याचा शब्द त्या कशा मोडणार?

जानराव पितात, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. सकाळी हात थरथरू लागले की ते प्रसेनजितकडून सलाईन लावून घेत आणि संध्याकाळी पुन्हा पीत. प्रसेनजितनं कधी विचारलं नाही. वडीलधाऱ्याला दारूचं विचारणं म्हणजे त्याची इज्जत काढणं, ही आपली रीत. आणि या भलेपणाचा आपल्याला केवढा अभिमान!

त्या दुपारी जानरावांना रक्ताची उलटी झाली. वाशीमच्या इस्पितळात डॉक्टर स्नेहानं जुनी फाईल चाळली आणि सरळ विचारलं, "काका, रोज किती घेता?"

"असं कोनी इचारलंच नाई, बाई," जानराव म्हणाले.

फाईलमध्ये प्रसेनजितच्याच अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं, दारूमुळे लिव्हर खराब. तारीख दोन वर्षांपूर्वीची. तेव्हाच दारू सोडवायचे उपचार झाले असते तर आशा होती, असं स्नेहा म्हणाली. तो कागद भागिरथाबाईंनीच पिशवीत जपून ठेवला होता.

चौथ्या दिवशी त्या कपडे न्यायला गावी आल्या आणि आधी प्रसेनजितच्या दवाखान्यात गेल्या. खाटेवर जानरावांसारखाच पिणारा जगदेव सलाईन घेत पडला होता. उशाशी त्याची बायको मनकर्णाबाई बसली होती.

"तुले मालूम होतं?" त्यांनी प्रसेनजितला विचारलं.

प्रसेनजितची मान खाली गेली. "काकाले तसं कसं इचारू, काकू?"

"मी दारू सोडा म्हटलं की ते म्हनत, डॉक्टर तं काई म्हनत नाई. तू मायं तोंड बंद केलं रे. आन् मी येडी, वरनाची फोडनी बंद करून बसली." त्यांनी खाटेकडे बोट केलं. "याले इचार. माह्यासमोर."

प्रसेनजितनं स्टूल ओढलं. "जगदेवकाका, रोज किती घेता?"

जगदेवनं भिंतीकडे तोंड फिरवलं. "सांगा ना आता," मनकर्णाबाई म्हणाली.

उत्तर ऐकायला भागिरथाबाई थांबल्या नाहीत. घरी जाऊन त्यांनी वरण रांधलं, डबा भरला आणि वाशीमची बस धरली. जानरावांना आता हवं ते खाऊ द्या, असं स्नेहानं सांगितलं होतं. म्हणून आज त्यांनी वरणाला लसणाची फोडणी दिली होती.