सरळ धरलेली डोलकाठी

सिग्ने नाण्याने डोलकाठी वाजवत पुढे पुढे सरकत होती. टण, टण, टण. मधोमध आली आणि आवाज बदलला. बद्द.

मागे येऊन तिने पुन्हा वाजवलं. बद्दच. नखाने पांढरा रंग खरवडला, तर खाली केसाएवढी बारीक चीर कार्बनच्या धाग्यांच्या बाजूने धावत गेलेली. डोलकाठी अजून शेडमध्ये लाकडी घोड्यांवर आडवीच होती. तिला वारा लागला नव्हता, शिडाचा भार ठाऊक नव्हता. ती आपली आपणच तडकली होती.

तिच्या वडिलांच्या बोटीची डोलकाठी लाकडाची होती. ती मोडण्याआधी महिनाभर करकरायची, कुरकुरायची. माणसाला सावध व्हायला वेळ द्यायची. अ‍ॅनाकॉर्टिस बंदराच्या धक्क्यावर तेव्हा सगळ्यांच्याच तशा असत. कार्बनला तसली माणुसकी नाही.

चूक हिवाळ्यातली होती. राळेत भिजवलेल्या कार्बनच्या कापडाचे थर साच्यात बसवून भाजायचे आणि भट्टी बंद ठेवून हळूहळू निवू द्यायची, हे तिच्या भावाला, आर्विडला, माहीत नव्हतं असं नाही. पण डॉक्टरांनी फुप्फुसांचं सांगितल्यापासून त्याला कशासाठीच थांबवत नव्हतं. त्याने दार लवकर उघडलं. बाहेर बर्फ. डोलकाठीच्या दोन उभ्या फाकांपैकी एक केळ्यासारखी वाकली. त्याने क्लॅम्प लावून ती दुसऱ्या फाकेवर दाबली आणि चिकटवून टाकली.

"बघ, आहे की नाही सरळ?"

"सरळ नाहीये, सरळ धरलीय," सिग्ने म्हणाली होती. "आत ती अजून वाकायलाच बघतेय."

"तू पण ना! आईवर गेलीस अगदी."

आर्विडची बोट कधीच पाण्यात उतरली होती. उद्या क्रेनवाला दूये येऊन डोलकाठी उभी करणार होता. मग आर्विड वायव्येला, अलास्कातल्या सिटकाला निघणार होता, शिडावर. त्यांचे वडील तिथेच बुडाले होते. पुढचा उन्हाळा आर्विडला दिसणार नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तिने त्याला हाक मारली. तो धापा टाकत आला, वाकला, चिरेवरून बोट फिरवलं.

"रंग तडकलाय."

"रंग मी खरवडलाय, आर्विड."

"मग वरून पट्टी मारू. दोन थर."

"आतला ताण तसाच राहील. पट्टीच्या शेजारी तडकेल."

"नवी करू मग."

नवीला सबंध हिवाळा लागला असता.

तो घोडीवर टेकला. "तुला वाजवून बघायला कोणी सांगितलं होतं?"

"नसतं बघितलं तर भर समुद्रात मोडली असती."

"समुद्रात तर असतो ना मी!" तो खोकत राहिला. खोकला थांबल्यावर म्हणाला, "उद्या उभी करायची. मी एकटा जातो. तुला काय त्याचं?"

सिग्ने सरळ दूयेच्या घरी गेली आणि त्याला सगळं सांगितलं. दूयेने टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हातारा मला जन्मात माफ करायचा नाही."

"तुला करेल," ती म्हणाली.

क्रेन आली नाही. आर्विड मात्र बोटीवरच राहायला गेला. सगळा उन्हाळा तो बिनडोलकाठीच्या बोटीत, दोर धक्क्याला बांधलेले ठेवून, बसून होता. दूये येऊन गप्पा मारून जायचा. सिग्ने माशाचं सूप घेऊन यायची. आर्विड वाडगा घ्यायचा, पण तिच्याकडे बघायचा नाही. उन्हाळाभर वारा वायव्येचा होता, सिटकाकडे जाणाऱ्याच्या तोंडावरचा, आणि त्याचाच तिला थोडासा आधार वाटायचा.

सप्टेंबरात त्याला मान वर करवेनाशी झाली. एका दुपारी, डोळे मिटलेलेच, त्याने विचारलं, "वारा कुठला गं?"

क्रेन आली नाही तेव्हापासून तो तिच्याशी पहिल्यांदाच बोलला होता. सिग्नेने केबिनच्या दारातून धक्क्यावरच्या निशाणाकडे पाहिलं. ते आज सिटकाच्या दिशेने फडफडत होतं. खोटं बोलायला तिला एवढा वेळ पुरला असता.

"आग्नेयेचा," ती म्हणाली.

त्याने वाडगा न घेताच तोंड भिंतीकडे वळवलं.