नावाच्या जागी हुकूम

घरातून जीव मुठीत धरून निघालेल्या बायकांना आसरा देणाऱ्या एका संस्थेची वेबसाइट ती सांभाळायची. आसऱ्याच्या घराचा पत्ता बाहेर कुणाला ठाऊक नव्हता. डॉक्टर-वकिलांना निरोप धाडण्यापुरता तो वेबसाइटच्या पोटात होता, तेवढाच.

सकाळी चहा पिता पिता तिने आलेले संदेश उघडले. कुणीतरी नावाच्या रकान्यात महिरपी कंस टाकून सात गुणिले सात असं लिहिलं होतं. तिला हसू आलं. मग तिने त्याला आपोआप गेलेलं उत्तर पाहिलं.

‘४९, तुमचा संदेश मिळाला.’

तिने कप खाली ठेवला. साइटने नावाऐवजी गणित सोडवून पाठवलं होतं. उत्तराचा मजकूर स्वतः बदलता यावा, अशी संस्थेच्या ताईंची इच्छा होती. म्हणून तिने तो मजकूर साचा म्हणून चालवायची सोय केली होती. कंसात ‘नाव’ लिहिलं, की तिथे पाठवणाऱ्याचं नाव बसायचं. पण घाईत क्रम चुकला होता. नाव आधी बसत होतं, साचा नंतर चालत होता. नावाच्या जागी कुणी हुकूम लिहिला, तर साइट तो निमूट पाळत होती.

त्याच माणसाचा दुसरा संदेश होता. या वेळी कंसात ‘पत्ता’. उत्तरात गल्ली, इमारत, मजला, सगळं. खाली त्याचा निरोप: ‘बायकोला सांगा, मी रागावलेलो नाही.’

साइट बंद करून तिने ताईंना फोन लावला.

“ताई, पत्ता बाहेर गेलाय. माझ्या चुकीने. बायकांना आत्ता हलवा.”

“कुणाला गेला?”

तिने निरोप वाचून दाखवला. ताईंनी तो खोलीतल्या बायकांना ऐकवला. फोनवर मागे चाललेला शिवणयंत्राचा आवाज थांबला.

“माझा नवरा आहे तो,” एक बाई म्हणाली. “मारायच्या आधी असंच म्हणतो.”

फोन ठेवून ती धावत आसऱ्याच्या घरी पोचली, तेव्हा बायका-मुलांना घेऊन डॉक्टरांची गाडी मागच्या रस्त्याने निघून गेली होती. ताई एकट्याच औषधं पिशवीत भरत होत्या. पोलिसांना कळवलेलं होतं.

तेवढ्यात बेल वाजली.

ती दबक्या पावलांनी दाराशी गेली. दाराच्या भिंगातून तिला नीट भांग पाडलेला, हसतमुख माणूस दिसला. एक हात पाठीमागे होता.

“दार उघडा ना,” तो गोड आवाजात म्हणाला. “मी रागावलेलो नाही.”

ताईंनी तिचं मनगट घट्ट धरलं. तो पुन्हा तेच म्हणाला. मग दारावर लाथ बसली. आणखी एक. कडीचा एक खिळा निघून फरशीवर पडला. जिन्यात बुटांचे आवाज झाले, झटापट झाली आणि पोलिसांनी त्याला खाली नेलं. त्याच्या हातातला चाकू पायरीवर पडून राहिला.

तिने फरशीवरचा खिळा उचलून ठेवला. ताईंनी पाणी दिलं.

“चूक लगेच सांगितलीस, म्हणून वेळ मिळाला,” त्या म्हणाल्या. “दुरुस्त कर आता. आणि नवीन घराचा पत्ता...”

“मला सांगू नका, ताई,” ती म्हणाली. “साइटवर तर नाहीच.”