डाव्या पिळाची वेल

पानं उलटी करून बघणाऱ्या माणसाचा मला संशय येतो. आमच्या गावात पाहुणे येतात ते वाइन पितात, समुद्राकडे बघून उसासे टाकतात आणि संध्याकाळच्या आत उतरून जातात. ही पोरगी मात्र सप्टेंबरात डोंगरउतारावरच्या माझ्या दगडी बांधावर गुडघे टेकून बसली होती आणि एका पानाची मागची बाजू नखानं खरवडत होती.

"काय हरवलंय?" मी वरच्या पायरीवरून विचारलं.

ती दचकली. "नमस्कार मावशी. मी मिरेल्ला. तोरीनोच्या विद्यापीठातून आलेय. कुठल्याच पुस्तकात नसलेल्या द्राक्षांच्या जाती शोधतेय."

"मी तुझी मावशी कधी झाले?"

हसली. मला हसऱ्या चोरांचा जास्तच राग येतो.

तिच्या हातातलं पान रुस्पाराचं होतं. आमच्या डोंगरावर सगळीकडे बोस्को जातीची द्राक्षं आहेत, मधूनमधून आल्बारोला. रुस्पारा फक्त आमच्या घरची. उशिरा पिकते, साल जाड, पानाच्या पाठीला पांढरी लव, आणि रस तोंडात गेला की शेवटी ओठावर मीठ राहतं. वडिलांच्या वेळी चार वेली होत्या. आता एकच उरली होती, आणि तिचंही खोड आतून कुजायला लागलं होतं. दोनदा मी काड्या कुंडीत लावल्या, दोन्ही वेळा वाळल्या. एक-दोन हिवाळ्यांची सोबती होती ती, आणि हे मला ठाऊक होतं.

मिरेल्लालाही खोडाकडे बघताच कळलं. "जानेवारीत मला काड्या कापू द्या," ती म्हणाली. "आमच्या रोपवाटिकेत रोपं करते. तीस तुम्हाला परत. मी स्वतः घेऊन येईन."

"आणि बाकीची?"

"अभ्यासाला."

अभ्यासाला! वडील सांगायचे, हातातून काडी द्यायची नाही, मग समोर बिशप का असेना. मी ओठ आवळले. पण वेल मरत होती, म्हणून हो म्हटलं. मिरेल्लानं खोडाला लाल फीत बांधली, थोडी पानं पाकिटात घातली आणि गेली.

इथं बर्तूमेबद्दल सांगायला हवं. बर्तूमे माझा आतेभाऊ, चर्चच्या पलीकडच्या उतारावर राहतो. अकरा वर्षांपूर्वी हिवाळ्यातल्या एका सकाळी रुस्पारावर मला ताजा काप दिसला. मी न केलेला. आमच्याकडे छाटणीनंतर काड्या मांडवाला विलोच्या झाडाच्या ओल्या, लवचीक फोकांनी बांधतात, आणि सगळा गाव फोकाला उजवा पीळ देतो. रुस्पाराला तेवढा डावा, म्हणजे हिवाळ्यात पानं नसतानाही घरच्यांना ती ओळखता यावी. ही खूण माझ्याखेरीज एकट्या बर्तूमेला माहीत होती. रविवारी चर्चसमोर, सगळ्यांच्या देखत, मी त्याला चोर म्हटलं. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. टोपी घातली आणि गेला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

तर, जानेवारी आला. मिरेल्ला यायच्या आदल्या दिवशी मी छाटणी करत होते आणि डोक्यात एकच किडा वळवळत होता. ही पोरगी इतकी गोड का बोलते? काड्या नेल्या आणि आलीच नाही तर? मग मी म्हटलं, आधी परीक्षा घेऊ. शेजारी बोस्कोची जुनी वेल होती, दोघींची खोडं अंगाला अंग लावून भिंतीतून वर आलेली. मी लाल फीत सोडली आणि बोस्कोला बांधली. पोरीच्या नजरेत पीळ आला असेल तर, म्हणून रुस्पाराचे फोक काढून उजव्या पिळाचे घातले, बोस्कोला डाव्या. पोरगी खरी निघाली, रोपं घेऊन आली, तर पुढच्या वर्षी खऱ्या काड्या देऊ. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी त्या दिवशी खारवलेले मासे आणि पाव दोन घास जास्तच खाल्ले.

मिरेल्लानं बोस्कोच्या काड्या कापल्या, ओल्या फडक्यात तान्ह्या बाळासारख्या गुंडाळल्या आणि जाताना माझ्या गालाचं चुंबन घेतलं. मी गाल पुसला.

मार्चमध्ये चार दिवस पाऊस पडला. पाचव्या दिवशी सकाळी माझा तिसरा बांध जागेवर नव्हता. दगड, माती, मांडव, रुस्पारा, सगळं खाली समुद्रात. मी पायरीवर बसले आणि रडले. नवरा गेला तेव्हाही इतकी रडले नव्हते. लोक म्हणाले, भिंत काय, परत रचू. त्यांना काय सांगणार होते मी? तोरीनोला काड्या होत्या, पण त्या कुठल्या वेलीच्या ते फक्त मला ठाऊक होतं.

मेच्या मध्यावर मिरेल्ला आली. हातात रोपं नव्हती. डोळे सुजलेले.

"मावशी, माझ्याकडून फार मोठी चूक झाली." ती दारातच उभी राहिली. "काड्यांना पानं फुटली. मागून लव नाही. बोस्को आहे ती. मी चुकीची वेल कापली. कशी कापली कळत नाही, फीत तर मीच बांधली होती. आणि तुमच्या सप्टेंबरच्या पानांचा निकाल आलाय. कशाशीच जुळत नाही. जगात कुठंच नाही ही जात. मला फक्त पुन्हा एकदा त्या वेलीपाशी जाऊ द्या."

मी तिला भिंतीची जागा दाखवली. खाली निळं पाणी दिसत होतं.

ती मटकन खाली बसली. "माझ्यामुळं," म्हणाली. "नीट बघितलं असतं तर आज ती जिवंत असती."

गप्प राहिले असते तर कुणाला कधी कळलं नसतं. पण ती पोरगी माझ्या पापासाठी रडत होती, आणि ते मला सहन होईना.

"फीत मी हलवली," मी म्हणाले. "तुझ्यावर विश्वास नव्हता माझा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, पिशवी खांद्याला लावली.

"थांब," मी म्हणाले. "एक जागा आहे. तिथला माणूस चोर असेल तर बरं होईल असं आयुष्यात पहिल्यांदा वाटतंय."

चर्च ओलांडून आम्ही पलीकडच्या उतारावर गेलो. बर्तूमे अंगणात कांद्यांना पाणी घालत होता. मला बघून त्यानं झारी खाली ठेवलीसुद्धा नाही.

"बर्तूमे, अकरा वर्षांपूर्वी तू माझी काडी चोरलीस ना?"

"पुन्हा तेच? आज साक्षीदार पण घेऊन आलीस? कोण ही, पोलीस?"

"चोरली असशील तर हो म्हण रे! माझी वेल समुद्रात गेली. बांधासकट."

त्याची झारी वाकडी झाली, पाणी त्याच्या बुटावर सांडत राहिलं. मग तो वळला आणि कोंबड्यांच्या खुराड्यामागं गेला. आम्ही मागोमाग.

तिथं भिंतीला टेकून एक वेल उभी होती. मनगटाएवढं खोड, निरोगी, कोवळ्या पानांनी भरलेली. फोकांना सगळीकडे उजवा पीळ.

"उजवा?" मी म्हणाले.

"मग काय, तुला सापडावी म्हणून डावा घालू?" बर्तूमे फिस्कारला. "मामानं मरताना मला सांगितलं होतं, एक काडी घेऊन जा, माझी ओर्तेन्सिया कुणाला देणार नाही आणि तिच्या हातात ती मरेल. मागितली असती तर दिली असतीस?"

नसती दिली.

मिरेल्लानं एक पान उलटं केलं. पाठीला पांढरी लव होती. ती हसत होती आणि रडतही होती. बर्तूमे माझ्याकडे बघत नव्हता.

"जानेवारीत ये, पोरी," तो तिला म्हणाला. "लागतील तेवढ्या काड्या कापून ने. पण माझी एक अट आहे. त्या दिवशी ही बाई माझ्या अंगणात पाय ठेवणार नाही."

मिरेल्ला काहीतरी बोलणार होती. मी तिचा दंड दाबला. "ठेवणार नाही," मी म्हणाले.

जानेवारीत मी खालच्या रस्त्यावर, त्याच्या फाटकाबाहेर दगडावर बसले. सोबत विलोचे फोक नेले होते, आदल्या दिवशी माझ्याच टाकीत भिजवलेले. मिरेल्लाच्या हाती ते वर पाठवले.

"कशात भिजवलेत गं?" वरून बर्तूमेचा आवाज आला. "विष नाही ना घातलं?"

"तूच चाटून बघ!" मी ओरडले.

वर कात्री चालू झाली. थोड्या वेळानं मिरेल्ला ओल्या फडक्यातलं गाठोडं घेऊन फाटकाशी आली. एकेक जुडी बर्तूमेनं फोकानं बांधली होती, आणि प्रत्येक फोकाला डावा पीळ होता.

मी हात पुढं केला, आणि मागं घेतला. "तूच धर," मी तिला म्हणाले.