पारड्याखालचं मेण

भाव वाढले की घरात सभा भरते. तुमच्याही घरी भरली असेल. तेल कुठं गेलं, गॅस कुठं गेला, दूध कुठं चाललंय, यावर अर्धा तास सगळे पोटतिडकीने बोलतात. मग कोणीतरी म्हणतं, खर्च कमी करायला हवा. सगळे माना डोलावतात. आणि प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघतो.

काटेसाहेबांच्या घरीही असंच झालं. काटेसाहेब हे त्यांचं बाजारातलं नाव. वजनमापे खात्यात ते निरीक्षक. दुकानादुकानांतून फिरून तराजू तपासायचे आणि खोटा सापडला की जप्त करायचा, ही नोकरी. माणूस लाच खात नसे, त्यामुळे थोडा तोऱ्यात असे. घरात चार माणसं: ते, त्यांची बायको, कॉलेजात जाणारी थोरली मुलगी आणि दहावीतला धाकटा. बायको दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर कामाला. दिवसभर उभं राहून ती कागद करायची आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा चुलीपुढे उभी राहायची.

"मी मोटारसायकल सोडू शकत नाही," साहेब म्हणाले. "माझी फिरतीची नोकरी आहे."

खरं म्हणजे फिरतीला खात्याची गाडी होती. मोटारसायकल फक्त घर ते कचेरी, अडीच किलोमीटर. आणि संध्याकाळी मित्रांच्या अड्ड्यापर्यंत. सिगारेटचा विषय कुणी काढलाच नाही.

"माझा क्लास बंद करू नका हं," थोरली म्हणाली.

"मग माझं फुटबॉल का बंद?" धाकटा म्हणाला. त्याचं नाव अजून कुणी घेतलंही नव्हतं.

सगळे बोलून दमले तेव्हा बाई भांडी गोळा करत म्हणाली, "बघते मी."

दोन शब्द. या दोन शब्दांवर घरोघरची महागाई निभावली जाते आणि त्याचा कुठं गाजावाजा होत नाही.

आठ महिने गेले. पगार तोच, भाव चढतेच, आणि तरी घरात काही कमी पडलं नाही. पानात भाजी होती, धाकट्याच्या पेल्यात दूध होतं, साहेबांच्या सकाळच्या नाश्त्याला अंडं होतं. कचेरीत लोक रडायचे, तेव्हा साहेब खुर्चीत मागे रेलून सांगायचे, "नियोजन लागतं राव. आमच्या घरी या आणि बघा." ही ख्याती पसरत वसाहतीच्या समितीपर्यंत गेली. समितीचे चिटणीस घरी आले. पुढच्याच्या पुढच्या रविवारी सभागृहात 'महागाईत घर कसं चालवावं' यावर साहेबांनी चार शब्द बोलावेत, अशी विनंती झाली. साहेबांनी आढेवेढे घेतले, पण अगदी थोडे.

शनिवारी बायकोने त्यांना सांगितलं, "ताईंकडे माझा कामाचा सदरा दिलाय. येताना आणाल?"

ताई म्हणजे साहेबांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून एका शिवणयंत्रावर तिने दोन मुलं शिकवली होती. गल्लीच्या तोंडाशी तिचं शिवणाचं दुकान. दुकान कसलं, एक यंत्र, एक पाट आणि भिंतीला खिळ्यावर अडकवलेले मापांचे कागद. अर्ध्या गावाची अंगं तिला पाठ होती.

"आले काटेसाहेब," ताई यंत्र न थांबवता म्हणाली. "ऐकलं मी. भाषण आहे म्हणे."

"तुला कुणी सांगितलं?"

"तूच सांगत फिरतोयस की. काय बोलणार?"

"हेच, की मन असेल तर सगळं भागतं. आमच्या घरी बघ, आठ महिन्यांत कुणाचं काही अडलं नाही. हिनं तर स्वतःसाठी नवा कपडासुद्धा घेतला नाही. जुनाच सदरा दुरुस्त करून वापरते."

ताईने पाय थांबवला. यंत्र थांबलं. तिने सदरा उचलून उलटा केला आणि भावापुढे टाकला.

"ही शिवण बघ. आणि ही तिच्या आतली. आणि ही पहिली."

दोन्ही बाजूंना शिवणींच्या तीन-तीन रेघा होत्या, एकीच्या आत एक. कापडाचा जास्तीचा पट्टा आत बोटभर जाड झाला होता.

"फाटला होता का?" साहेबांनी विचारलं.

"फाटला नव्हता रे. आत घेतलाय. आठ महिन्यांत तीनदा." तिने खिळ्यावरून कागद काढला. "कंबर तेहतीस. मग एकतीस. हे परवाचं माप, साडेअठ्ठावीस. माझा टेप खोटा असेल तर जप्त कर."

"बारीक झाली. बरंच आहे की. लोक पैसे भरून बारीक होतात."

पाटावर बसलेली एक गिऱ्हाईक बाई होती, तिने नजर दुसरीकडे वळवली.

"तुझी बायको जेवायला कधी बसते?" ताईने विचारलं.

"आमचं झाल्यावर."

"आणि जेवते काय?"

बाजारातल्या कुठला किराणावाला किती ग्रॅमने काटा मारतो, ते साहेबांना तारखेसकट सांगता आलं असतं. हे नाही.

"परवा माप घेताना ती पाटावर टेकली," ताई म्हणाली. "मी म्हटलं, काय गं? तर म्हणे, उन्हातून आले. बाहेर आभाळ भरलेलं होतं तेव्हा. भाषण खुशाल दे बाबा. पण तुझी काटकसर कुणाच्या अंगावरून कापली जातेय, ते बघून मग दे. सदऱ्याचे पैसे नकोत. जा."

साहेब रागावून घरी आले. माणसाला खरं बोललेलं लागतं ते असंच. दारातच त्यांनी विचारलं, "काय गं, तू नीट जेवतेस ना?"

"जेवते की," बाई म्हणाली आणि कांदा चिरत राहिली.

आणि इथं साहेबांची नोकरी त्यांच्या कामाला आली. वीस वर्षं प्रत्येक दुकानदार त्यांना हेच सांगत आला होता, चोख आहे साहेब, बघा की, काटा शून्यावर आहे. आणि काटा शून्यावर असायचाच. लबाडी समोर कधीच नसते. पारडं उचलून खालून बोट फिरवावं लागतं, तेव्हा चिकटवलेलं मेण हाताला लागतं. नव्या हाताखालच्या लोकांना साहेब हीच एक गोष्ट शिकवायचे. ती घरी आणायची त्यांना वीस वर्षांत आठवण झाली नव्हती.

रविवारी दुपारी ते म्हणाले, "आज मी वाढतो."

"तुम्हाला नाही जमायचं. बसा."

"जमेल. तू बस."

बाईने पातेल्याचं झाकण धरून ठेवलं. खोट्या काट्यावर दुकानदार हात ठेवतो, अगदी तसं. साहेबांनी तो हात ओळखला. त्यांनी डाव घेतला आणि रोज मिळतं तसंच वाढलं. मुलांना पोटभर. स्वतःच्या नेहमीच्या ताटात दोन डाव डाळ, भाजी, भात, आणि ते ताट बायकोपुढे ठेवलं. अंडी तीन उकडलेली होती. माणसं चार. ती कुणाला जातात हे विचारायची गरज नव्हती.

मग त्यांनी पातेल्यात बघितलं. तळाला अर्धा डाव डाळ, तीही पाण्यासारखी. भाताची खरपुडी. भाजीच्या कढईत नुसता मसाला. पावाचं वाळकं टोक.

"रोज एवढंच उरतं?"

"कधी जास्तही उरतं," बाई म्हणाली. "मला भूक नसते फारशी."

"आई, तू दूध कधी पितेस?" थोरलीने विचारलं. बहुतेक पहिल्यांदाच.

"मला आवडत नाही."

"आवडायचं. मी लहान होते तेव्हा तू माझं उरलेलं प्यायचीस."

साहेब ते उरलेलं जेवले. दुसऱ्या दिवशीही. त्यांनी ठरवलं, आठवडाभर आपण शेवटी जेवायचं आणि उरेल तेवढंच खायचं. कुणाला सांगायचं नाही.

सोमवार गेला. मंगळवारी डोकं दुखायला लागलं. गुरुवारी सकाळी अकरा वाजता, भर बाजारात, किराणावाल्याच्या तराजूवर पाच किलोचं वजन ठेवताना ते त्यांच्या हातून निसटलं आणि लाकडी फळीवर आपटलं. या किराणावाल्याला त्यांनी दोनदा दंड केला होता. त्यानेच स्टूल पुढे सरकवलं.

"बसा साहेब. घरून खाऊन येत नाही का?"

साहेब बसले. चार दिवसांत आपली ही गत! आणि ती आठ महिने खिडकीवर उभी आहे.

संध्याकाळी त्यांनी बायकोला समोर बसवलं. आधी ती उडवाउडवी करत राहिली. मग उठली, डब्यातून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. दवाखान्यातल्याच डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेला. रक्त कमी आहे, गोळ्या घ्या, दूध-अंडी खा. तारीख दोन महिन्यांपूर्वीची. गोळ्या आणलेल्याच नव्हत्या.

"खिडकीत दोनदा चक्कर आली," ती म्हणाली. "हेडक्लार्क म्हणाले, तिसऱ्यांदा आली तर खिडकीवर ठेवता येणार नाही. घरी बसा म्हणतील."

"मला सांगितलं का नाहीस?"

आता ती चिडली. "काय सांगू? सभेत तुमचं सगळ्यांचं आपापलं सांगून झालं होतं. काय उरलं होतं कापायला? मी उरले होते. आठ महिने रोज समोर होते मी. तुम्हाला दिसले नाही. ताईंच्या टेपला दिसले."

याला तुमच्याजवळ उत्तर असेल तर सांगा.

त्या संध्याकाळी घरात दुसरी सभा भरली. या वेळी पहिलं बोलणं साहेबांचं होतं. मोटारसायकल विकायची, कचेरीला पायी जायचं. सिगारेट बंद. अड्डा आठवड्यातून एकदा. थोरलीने दोन लहान मुलांची शिकवणी धरायची ठरवली. धाकटा म्हणाला, "फुटबॉलचे बूट पुढच्या वर्षी घेतो. हे अजून चालतील." आणि ठरलं की चौघांनी एकदम जेवायला बसायचं, पातेलं मध्ये ठेवायचं. कमी पडलं तर चौघांना कमी पडेल. गोळ्या दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या, साहेबांच्या त्या दिवसाच्या सिगारेटच्या पैशांत. महिन्याच्या गोळ्या, एका दिवसाच्या सिगारेटी! हा हिशेब करायला माणसाला वजनमापे खात्यात असावं लागत नाही.

रविवारी सभागृह भरलं होतं. साहेब उभे राहिले आणि त्यांनी ही सगळी गोष्ट जशीच्या तशी सांगितली, स्वतःचं 'बरंच आहे की' हे वाक्यसुद्धा वगळलं नाही. लोक चुळबुळायला लागले. पुढच्या रांगेतला एकजण म्हणाला, "साहेब, बचतीच्या युक्त्या सांगा. घरातल्या गोष्टी कशाला चव्हाट्यावर?"

"युक्ती एकच आहे," साहेब म्हणाले. "तुमच्या घरी सगळ्यात शेवटी कोण जेवतं?"

"बायकोच. सगळीकडेच असतं ते."

"तिच्या ताटात काल काय होतं?"

तो गृहस्थ हसला. हसत हसत शेजारी बघू लागला, शेजारचा चपलेकडे बघत होता. मागच्या रांगेत एक म्हातारी बाई एकटीच मोठ्याने म्हणाली, "सांग की रे आता."

टाळ्या पडल्या नाहीत. चिटणिसांनी आभार मानले ते घाईघाईनेच.

भाव काही उतरले नाहीत. उतरतील असं मी तुम्हाला सांगणार नाही, मी काही निवडणुकीला उभा नाही. काटकसर करावीच लागेल आणि ती करण्यात लाज नाही. पण ज्या काटकसरीत घरातल्या बाकीच्यांना काहीच कमी पडलेलं कळत नाही, ती काटकसर नव्हे, ती चोरी आहे. कुणाच्या तरी तोंडातला घास काढून ती केलेली असते. त्या माणसाने स्वतःहून दिला म्हणून चोरी माफ होत नाही. आपण घेतला ना?

पाच महिन्यांनी बाई तो सदरा घेऊन ताईकडे गेली. साहेब सोबत होते, पायी. ताईने टेप लावला, माप वाचलं आणि कागदावर लिहिलं. तीस. मग तिने पाटावर बसून कात्रीच्या टोकाने सगळ्यात आतली शिवण उसवायला घेतली.

"दुसरीपण उसवू का?" तिने विचारलं.

"आत्ता नको," बाई म्हणाली. "नवऱ्याला जरा धाकात राहू दे."

ताई हसली. साहेबांनी खाली वाकून जमिनीवर पडलेले दोऱ्याचे तुकडे एकेक करून वेचले.