राणीच्या अंगावरची इरकली

मित्रांनो, सिरसाळ्याजवळच्या एका गावात, लोखंडी पेटीच्या तळाशी मी घडी होऊन पडलेली असते. मी एक जुनी, डाळिंबी रंगाची, नऊवारी इरकली. खरं म्हणजे मी लुगडं. पण मला साडी म्हटलेलं आवडतं, आणि या वयात एवढा नखरा चालायचाच. माझ्या अंगावर रचलेल्या नव्या चादरी मला म्हातारी म्हणतात. म्हणू देत बापड्या. टाळ्या मी ऐकल्या आहेत, त्यांनी नाही.

माझा जन्म कर्नाटकातल्या एका विणकराच्या घरात झाला. तो खड्ड्यात पाय सोडून हातमागावर बसायचा, त्याची बायको कांड्या भरून द्यायची. दोघं दिवसभर भांडायची, पण माग कधी थांबला नाही. माझं अंग सुताचं आणि पदर रेशमाचा. तिथून मी परळीच्या बाजारात आले. गावात किराणा दुकान असलेल्या मन्मथप्पांनी मला आपल्या मुलाच्या, विरुपाक्षच्या लग्नासाठी घेतलं. मला नेसून गंगासागर त्या घरात सून म्हणून आली.

विरुपाक्ष मोठ्या आवाजाचा माणूस. दुकानात त्याचा आवाज, घरात त्याचा आवाज. काय शिजवायचं, कुणाकडे जायचं, सगळं तो ठरवणार. गंगासागरचा आवाज मात्र फक्त मला ऐकू यायचा, तोही तिने पदर तोंडाशी धरला की. तो वाईट नव्हता बरं का. बायकोला काही विचारायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

चैत्रात गावची जत्रा भरे आणि जत्रेत राजा-राणीचं नाटक होई. तेच नाटक, दरवर्षी. जुन्या वहीत उतरवून घेतलेलं, कुणी लिहिलं कुणाला ठाऊक नाही. बायकांची कामं पुरुषच करत, आणि राणीचं काम होतं विरुपाक्षचं. लग्नानंतरच्या पहिल्याच जत्रेला त्याने पेटी उघडली, मला बाहेर काढलं आणि म्हणाला, "ही नेसतो." विचारायची रीतच नव्हती. मला आधी लाज वाटली. मिशा काढलेला पुरुष, त्याच्या घामाचा वास, जागोजागी टोचलेल्या टाचण्या! पण पडदा वर गेला, त्याने पदर सावरून मान वळवली आणि अख्खं गाव श्वास रोखून बसलं. तेव्हापासून मीही जत्रेची वाट बघू लागले.

नाटक असं होतं. राजाचा धाकटा भाऊ भित्रा असतो. थोरल्या भावाला विष देऊन गादी घे, असं त्याची बायको, म्हणजे नाटकातली राणी, त्याच्या मनात भरवते. तो थरथर कापतो, ती त्याला हिणवते, शेवटी तो विष देतो आणि राजा होतो. पहिल्या अंकात राणी वाघीण आणि तो शेळी. पण पुढे पारडं फिरतं. राजाला रक्ताची चटक लागते. तो तिला विचारेनासा होतो. राणीला केल्या कर्माच्या टोचणीने झोप येत नाही, ती खचत जाते. शेवटच्या अंकात राजा थोरल्या भावाच्या तान्ह्या पोरालाही मारायला निघतो, तेव्हा ती त्याचे पाय धरते. तो तिला लाथ मारतो. ती कोसळते आणि मरते.

विरुपाक्ष घरी तालीम करायचा तेव्हा राजाची वाक्यं गंगासागर म्हणायची. तिला वाचता येत नव्हतं, ऐकून ऐकूनच पाठ झालेली. डाळ निवडता निवडता ती पुटपुटायची, आणि हा हसायचा, "आगं, राजा हाईस का कोंबडीचं पिल्लू?" ती आणखीच बारीक आवाजात बोलायची.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरीत उतरून वाटीने पाणी भरायची वेळ आली. दुकानात विकायला माल नव्हता आणि घ्यायला गिऱ्हाईक नव्हतं. सेवा सोसायटीचं गोदाम झाडून काढल्यासारखं रिकामं. गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलं. विरुपाक्षही एक दिवस गेला. दुपारीच हाताला फोड आले, आणि कुणीतरी ओरडलं, "आरं, शेटजी पोळ्या लाटायलेत का खडी फोडायलेत?" सगळे हसले. विरुपाक्ष हातोडा ठेवून घरी आला तो भिंतीकडे तोंड करून निजला. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी गंगासागर गेली.

त्याला वाटलं, वडील तिला अडवतील. पण मन्मथप्पांनी अडवलं नाही. सासू बसम्मा मात्र रडली, "दुकानदाराची सून खडी फोडणार? काय दिवस आले गं!" गंगासागर म्हणाली, "दिवस आलेत म्हणूनच चालले, आत्या." एवढं लांब वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

सहा महिने ती जात राहिली. रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलोच्या, त्या परदेशी ज्वारीच्या, भाकरी तीच थापायची, कुणाला अर्धी, कुणाला पाव तीच ठरवायची. हळूहळू तिचा आवाज घरात ऐकू येऊ लागला, आणि विरुपाक्षचा बंद झाला. कुणी हाक मारली तर तो फक्त मान हलवायचा. पुढे तेही सोडलं. जेवायला वाढलं तर जेवायचा, नाहीतर ओट्यावर बसून रस्ता बघायचा. मित्रांनो, घरातला माणूस असा हळूहळू कमी होत जातो, ते बघवत नाही.

जत्रा जवळ आली. यंदा नाटक नको, असं बरेच जण म्हणाले. पण सोसायटीचे चेअरमन सुंदरराव म्हणाले, "दगड फोडून माणसं दगड व्हायलीत. गोदाम रिकामंच हाय, तिथं करू." हे कळताच विरुपाक्ष ओट्यावरून उठला. कितीतरी महिन्यांनी त्याने स्वतःहून पेटी उघडली, मला झटकलं आणि राणीचं पहिलं वाक्य म्हटलं. आवाज घोगरा झाला होता. चुलीपुढे बसलेली गंगासागर तो ऐकून पदरात तोंड घालून रडली.

आणि जत्रेला आठ दिवस असताना निरोप आला. दरवर्षी राजाचं काम करणारा सुग्रीव दुसऱ्या जिल्ह्यात सहकारी साखर कारखान्यावर लागला होता. त्याला सुटी मिळेना. एवढ्या थोड्या दिवसांत राजाची वाक्यं पाठ करणारा दुसरा कोण? विरुपाक्षने मला घडी घातली आणि पेटीत ठेवली. "संपलं," म्हणाला, आणि पुन्हा ओट्यावर जाऊन बसला.

गंगासागर त्याच्या मागोमाग गेली. "कावून संपलं? मी हाय की."

"तू?"

"राजा मला पाठ हाय. कोंबडीचं पिल्लू म्हणा, पर पाठ हाय."

गावात चर्चा तर होणारच. बाईमाणूस नाटकात, तेही राजा! कुणीतरी सुंदररावांकडे तक्रार घेऊन गेलं. ते म्हणाले, "बाप्या लुगडं नेसतो तवा टाळ्या वाजविता. बाईनं फेटा बांधला की कावून पोटात दुखतं बे?" मन्मथप्पांनी तर आपल्या डोक्याचा रुमाल सोडून फेटा बांधायला सुनेच्या हातात दिला. प्रश्न तिथे संपायला हवा होता. पण बसम्माला शेवटचा अंक आठवला.

"नवऱ्याला लाथ मारशील? भर गावात? लिंगायताची सून तू, तुझ्या गळ्यातलं लिंग काय म्हणंल गं?"

गंगासागरचं तोंड उतरलं. ज्या पायांवर ती रोज डोकं ठेवायची, तोच माणूस तिच्या पायावर पडणार आणि तिने त्याला लाथाडायचं! तालमीत ती सगळं म्हणायची, त्याला 'तू' म्हणायलाही शिकली. पण लाथेची वेळ आली की पाय मागे घ्यायची. वही घेऊन आडोशाला बसणारा धोंडीराम वैतागायचा. विरुपाक्ष तिला समजवायचा, "लाथ मारलीच पायजे. न्हाई तर राणी मरंल कशी? माझं काम बुडंल." एवढे शब्द तो आता सहज बोलत होता. त्याचं बोलणं पुन्हा थांबायला नको, म्हणून ती मान डोलवायची आणि घरी येऊन देवापुढे बसायची.

जत्रेच्या दिवशी एकाच दिवसाची सुटी, दुसऱ्या दिवशी पुन्हा काम. म्हणून नाटक दुपारीच झालं. पत्र्याखाली गोदाम तापलेलं. काजळाची मिशी काढलेली गंगासागर आली तेव्हा लोक हसले, पण पहिल्या अंकात ती अशी थरथरली की हसू विरून गेलं. आणि पुढे तिचा आवाज चढत गेला. कुठे होता हा आवाज इतकी वर्षं? मला माझ्याच मालकिणीची भीती वाटली.

शेवटचा अंक. विरुपाक्ष धावत आला आणि तिच्या पायांवर कोसळला. सुग्रीवच्या मोजड्या तिला मोठ्या होत होत्या, म्हणून ती अनवाणीच होती. त्याने पाय धरले आणि त्याचे हात थांबले. तळव्यांना बोट जाईल एवढ्या भेगा. एका अंगठ्याचं नख काळंठिक्कर, अर्धं गळून गेलेलं. सहा महिने ते पाय त्याच्या पुढून जात येत होते आणि तो रस्ता बघत बसला होता.

"महाराज, एवढं एक लेकरू सोडा," धोंडीरामने आडोशातून वाक्य दिलं. पुन्हा दिलं. विरुपाक्ष बोलेना. गंगासागर वरून हळूच म्हणाली, "म्हणा की."

तो म्हणाला. पण वहीतलं नाही.

"गंगे, लई दुखतं का गं?"

फक्त तिने ऐकलं, आणि मी. त्याचे अश्रू माझ्या पदरात जिरत होते. तिने डोळे मिटले, पाय उचलला. तो पाय किती थरथरत होता, मित्रांनो! तिने नुसता पाय उचलण्यासाठी केवढी किंमत मोजली असेल, हे त्याला त्या क्षणी कळलं असावं. कारण पाय पोचायच्या आत तो स्वतःच मागे कोसळला, एवढ्या जोरात की रंगमंचाच्या फळ्या हादरल्या.

गाव आजही म्हणतं, गंगासागरने लाथ मारली. मी त्या दोघांच्या मध्ये होते. लाथ लागली नाही. सूतभरही नाही.

टाळ्या थांबेनात. बसम्मा मात्र घरी येईपर्यंत कपाळ बडवत होती, "मारली गं खरंच मारली!" विरुपाक्ष म्हणाला, "आई, लागलीच न्हाई." तिचा विश्वास बसला नाही तो नाहीच.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो कामावर गेला. गंगासागरला म्हणाला, "तू आज घरी बस. पायाला तेल लाव." ती ऐकते थोडीच! दोघं गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा त्याच्या तळहातांची सालटं निघाली होती, पण तोंड चालू होतं. "लोक म्हणले, राणीसाहेब आल्या बे! मी म्हणलो, आल्या. राजाच्या शेजारी जागा करा." हे तो बसम्माला, मन्मथप्पांना, पुन्हा बसम्माला सांगत होता.

गंगासागर दोरीजवळ आली. मी धुऊन वाळत होते. तिने माझा काठाजवळचा कोपरा दातात धरला.

"अगं, लग्नाची हाय ती!" विरुपाक्ष ओरडला.

"राणी मेली की काल. मेल्या राणीला एवढं लांब लुगडं कशाला?"

टर्रकन आवाज झाला. मला दुखलं, खोटं सांगणार नाही. माझ्या दोन पट्ट्या तिने त्याच्या हातांना बांधल्या. बांधताना दोघं इतकी हसली की बसम्माने आतून विचारलं, काय झालं म्हणून.

मित्रांनो, त्यानंतर मला कुणी नेसलं नाही. फाटकी इरकली कोण नेसणार? पण दर उन्हाळ्यात या घरातलं कुणीतरी मला ऊन दाखवतं, घडी मोडून नवी घालतं, कडुलिंबाचा पाला ठेवतं. जुन्या कापडाला तेवढं पुरतं. माणसांना पुरत नाही. तुमच्या घरातही कुणीतरी दिवसभर तुमच्यापुढून जात येत असेल. एकदा खाली वाकून त्यांचे पाय बघा, आणि दुखतं का म्हणून विचारा.