ढगाची घंटा

“गाश्पर, खाली ये म्हणते ना!”

येरानं तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं. चर्चच्या मनोऱ्यात घंटेच्या दोरीपाशी ती मान वर करून उभी होती. वरून हातोडीचे दोन ठोके ऐकू आले, मग मुलाचा आवाज आला, “आलोच गं आई. चार खिळे राहिलेत.”

हे चार खिळे तो गेला पाव तास सांगत होता.

उघड्या दारातून पश्चिमेची टेकडी दिसत होती आणि तिच्यामागून ढग वर चढत होता. नुसता काळा असता तर येरा एवढी घाबरली नसती. काळा ढग पाऊस देऊन जातो. याच्या पोटात मात्र पिवळट पांढरा रंग होता, म्हणजे गारा. ऑगस्ट संपत आला होता, द्राक्षांत रस भरू लागला होता, महिन्याभरात तोडणी सुरू झाली असती. त्या चढावांवर दुसरं काही पिकत नाही. गारा पडल्या की वर्ष हातचं जातं, आणि वेली ठेचल्या गेल्या तर पुढचंही.

असा ढग घंटा वाजवून परतवायचा, ही गावाची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. तो टेकडीवर यायच्या आत मोठी घंटा सुरू करायची आणि तो सरेपर्यंत हात थांबवायचा नाही. हे काम चर्चच्या राखणदाराचं. उशीर होऊन गारा पडल्या, तर ढगाला कोणी नावं ठेवत नसे, राखणदाराला ठेवत. अकरा वर्षांपूर्वी येराचा नवरा लोव्रो अशीच घंटा वाजवत असताना मनोऱ्यावर वीज कोसळली आणि ओल्या दोरीतून खाली आली. त्या दिवशी गार एकही पडली नाही. लोव्रोनं जीव देऊन पीक राखलं, असं गाव म्हणालं. मातीला सगळे आले. आठवड्यानं पुन्हा ढग आला, तेव्हा दोरी कोण धरणार म्हटल्यावर तेच सगळे आपापल्या बुटांकडे बघत उभे राहिले. शेवटी येरानं धरली. तेव्हापासून तीच धरत होती.

‘देवाच्या मनात माझ्यासाठी काहीतरी असणार,’ असं ती म्हणायची. नुसतं म्हणायची नाही, मानायची. नाहीतर नवरा जातो, तेरा वर्षांचं पोर पदरात उरतं, आणि ज्या दोरीनं नवरा नेला तीच हातात येते, याचा अर्थ लावायचा तरी कसा? कोणाच्या घरात मरण झालं की ती तिथे जाऊन भांडी घासायची आणि जाताना हेच सांगायची. तिनं सोसलेलं असल्यामुळे लोकांना ते पटायचं.

गाश्परला कधीच पटलं नाही. तो मारिबोर शहरात जाऊन वीजकाम शिकला, आणि तीन वर्षं फादरांच्या मागे लागून मनोऱ्यावर वीज धरून जमिनीत सोडणारी सळई बसवायची परवानगी घेऊन आला. “आता देवालाच वाचवणार म्हणे हा!” असं गावानं हसून घेतलं. आज शनिवारी सकाळी त्यानं काम काढलं, तेव्हा आभाळात एक ढग नव्हता.

“अगं, बघत काय उभी राहिलीस? ओढ की!”

दारात उर्बान उभा होता. खालच्या चढावावर त्याचा मळा. धावत आल्यानं त्याला धाप लागली होती. त्याच्यामागे आणखी पाचसहा जण अंगणात येऊन थांबले होते.

“गाश्पर वर आहे,” येरा म्हणाली.

“मग उतरव त्याला.”

“उतरत नाही. झरोक्यातून बाहेर वाकायला त्यानं शिडी घंटेच्या कण्याला टेकवली आहे. घंटा हलली की शिडी गेली.”

उर्बाननं वर तोंड करून हाक दिली, “ए शहाण्या! खाली उतर, नाहीतर मी वर येऊन कान धरतो!”

“उतरता येत नाही, उर्बानकाका!” वरून उत्तर आलं. “सळई बसली आहे, खाली तांब्याची पट्टी जमिनीत पुरली आहे, मधला सांधा राहिलाय. असंच सोडलं तर वीज सळईवर येईल आणि वाट मिळाली नाही की घंटेत उडी मारेल. मग दोरीला कोण असेल? आईच ना?”

“मी आज दोरी धरत नाही!” येरा ओरडली. “आता तरी ये!”

“मी उतरलो की तू धरशील. तुला काय मी आज ओळखतो?”

ते खरंच होतं. दूरवर गडगडलं. अंगणातला उजेड मळकट झाला आणि कुठलीतरी कोंबडी ओरडत आडोशाला पळाली.

उर्बान आत आला. आता तो ओरडत नव्हता, आणि त्यामुळे येराला जास्त भीती वाटली.

“येरा, माझा पोरगा पावेल नदीत बुडाला तेव्हा तू काय म्हणाली होतीस, आठवतं? देवावर भरवसा ठेव, उर्बान, त्याच्या मनात काहीतरी असेल. माझ्याच स्वयंपाकघरात उभी राहून म्हणालीस. मी ठेवला भरवसा. त्यावाचून दुसरं होतं काय माझ्याजवळ?” त्यानं वर बोट केलं. “तुझं पोरगं देवाच्या हातात नाही का?”

दोरी येराच्या हाताशी होती. एक ओढ दिली की झालं असतं. अकरा वर्षांत दोरी ओढण्याआधी तिनं कधी विचार केला नव्हता. तिनं डोळे मिटून ‘तुझ्या मनात असेल तसं होऊ दे’ म्हणायचा प्रयत्न केला. ओठ हलेनात. नवऱ्याच्या मातीच्या वेळी म्हणता आलं होतं, स्वतःच्या जिवासाठी तर प्रत्येक ढगाला म्हणत आली होती. आज आतून एकच शब्द येत होता, याला नको, याला नको, याला नको.

उर्बाननं दोरीला हात घातला.

येरानं झटक्यात दोरीचं खालचं टोक कमरेला गुंडाळलं, गाठ मारली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. “ओढायची तर मला ओढ.”

“वेडी झालीस का? सगळं गाव बुडेल!”

“माहीत आहे मला.”

त्यानं तिचे खांदे धरले. माणूस आडदांड, त्यानं मनात आणलं असतं तर पोतं उचलावं तसं तिला बाजूला ठेवलं असतं. त्याची बोटं रुतली, ढिली झाली, पुन्हा रुतली. तेवढ्यात छपरावर काहीतरी खट्‌कन वाजलं. मग दुसरं, आणि त्यानंतर मोजता येण्यासारखं काही उरलं नाही. उर्बाननं हात काढून घेतले आणि तो दारात जाऊन आपल्या मळ्याच्या दिशेनं बघत राहिला. पुढचं काहीही दिसत नव्हतं.

गारा दहा मिनिटं पडल्या. वीज समोरच्या रानात दोनदा पडली, मनोऱ्याकडे फिरकलीसुद्धा नाही. गाश्पर शिडीवरून उतरला तेव्हा गारांनी त्याची भुवई फुटली होती. “सांधा जोडला,” एवढंच तो म्हणाला. येरानं एप्रनच्या टोकानं त्याचं रक्त पुसलं. तिच्या कमरेची गाठ अजून तशीच होती. ओढून इतकी घट्ट झाली होती की त्यालाच ती सोडवावी लागली.

बाहेर चढावांवर नुसत्या काड्या उभ्या होत्या. पानं आणि फुटकी द्राक्षं गारांबरोबर वाटेवरून वाहत होती.

“एका पोरासाठी सगळ्यांचं घालवलं,” गर्दीतून एक बाई म्हणाली.

“घंटेनं गारा थांबत नसतात!” गाश्पर तिच्यावर उसळला. “अजून कळत नाही का तुम्हाला?”

“तू गप्प बस,” येरा म्हणाली. “थांबतात की नाही ते देवाला ठाऊक. मी काही तो विचार करून थांबले नाही.” मग ती सगळ्यांकडे वळली. “मी भ्याले.”

लोक आपापल्या मळ्यांकडे निघून गेले. तिच्या स्वतःच्या वेलींच्या दोन ओळीही गेल्या होत्या, पण तिनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

घरी येऊन तिनं चर्चची किल्ली टेबलावर ठेवली. “सोमवारी फादरांना देऊन ये.”

“आई, मी जिवंत उतरलो ना खाली?”

“उतरलास. आणि मला आनंद झाला, गाश्पर. बाहेर सगळं गाव आडवं झालेलं असताना मला आनंद झाला. आता कुठल्या तोंडानं कोणाच्या घरी जाऊन सांगू, भरवसा ठेवा म्हणून?”

त्यानं सूप गरम केलं. दोघांपैकी कोणीच चमचा उचलला नाही.

उजेड असतानाच दार वाजलं. उर्बान होता. आत आला नाही, तिच्याकडे बघितलंही नाही.

“सात वाजून गेले,” तो उंबऱ्याकडे बघत म्हणाला. “माझी म्हातारी आई अंगणात उभी आहे. अर्धा तास झाला. संध्याकाळची घंटा झाल्याशिवाय आत येत नाही, घास तोंडात घेत नाही. ऐंशी वर्षांची बाई, पाय सुजलेत. घंटा आज नाही म्हटलं, तर ऐकत नाही.”

“मी किल्ली सोडली, उर्बान.”

“सोड. सोमवारी सोड.” त्यानं एकदाची मान वर केली. डोळे लाल होते. “आज ती उभी आहे.”

तो गेला. येरानं किल्ली उचलली. गाश्पर पुढे जाऊन मनोऱ्यातली शिडी काढायला लागला.

प्रार्थना तिला तेव्हाही म्हणता आली नाही. हातांनी मात्र नेहमीसारखे तीन ठोके दिले, थांबून तीन, पुन्हा थांबून तीन. शेवटचा ठोका विरल्यावर तिनं दारातून खाली पाहिलं. उर्बानच्या अंगणात पांढऱ्या गारांमध्ये उभ्या असलेल्या म्हातारीनं छातीवर क्रूसाची खूण केली, आणि मुलाला आपलं कोपर धरू दिलं. मग ती दोघं हळूहळू आत जेवायला गेली.