वरच्या वाडीचा दहावा बंधारा

गोदाकाकी एकदा पेटली की तिला विझवायला अख्खा पऱ्या आणून ओतला तरी पुरायचा नाही, असं गाव म्हणायचं. त्या सोमवारी सकाळी ती तणतणत ग्रामपंचायतीत शिरली आणि भिंतीवरच्या फळ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"माझ्या वाडीचा बंधारा कुणी गिळला?"

गोष्ट अशी होती. दिवाळी सरली की गावातून वाहणारा हा पऱ्या रोडावत जातो. तो आटण्याआधी माती भरलेल्या पोत्यांचे दहा बंधारे घालायचे, असं ग्रामसभेत ठरलं होतं. दहा जागा, दहा वाड्या. आज तुझ्या वाडीत सगळ्यांनी हात लावायचा, उद्या माझ्या. गोदाकाकीची वाडी सगळ्यात वर, चढही मोठा, म्हणून तिची पाळी शेवटची.

त्या बंधाऱ्याच्या भरवशावरच वरच्या वाडीच्या विहिरीचं पाणी होतं म्हणा ना! दरवर्षी शिमगा झाला की तिचा तळ दिसायचा. मग बायांनी अर्धा तास उतरायचं आणि भरलेली कळशी घेऊन तासभर चढायचं. काकीचे गुडघे आता ऐकेनासे झाले होते. यंदा तिने वाडीतल्या बायांना छातीठोक सांगितलं होतं, "औंदा कळशी घेऊन खाली उतरायचं नाय!"

आणि फळ्यावर पाहावं तर वरच्या वाडीपुढे बरोबरची खूण. दहापैकी दहा झाले. लोक सुटले आपापल्या कामाला, कुणी भात झोडायला, कुणी कलमांवर फवारणी करायला. रविवारी काकी पोती भरून दिवसभर वाट बघत बसली, पण तिकडे कुत्रंही फिरकलं नाही.

"काकी, आधी बसा," ग्रामसेविका शमिका म्हणाली. पोर खेडची, कामाला चोख. "तुमचा झाला ना? ग्रुपवर निरोप आलाय."

"कुठल्या मेल्यानं टाकला? ह्या केरूनंच टाकला असणार!"

मधल्या वाडीचा केरू कसलासा दाखला न्यायला आला होता. तो बाकावरच दचकला. "देवाशप्पथ काकी! मी माझ्या वाडीचा टाकला. तुझ्याबद्दल एक अक्षर लिहिलं असलं तर जीभ झडो."

शमिकाने मोबाईल काकीपुढे धरला. ग्रुपवर दोन फोटो होते. पहिला केरूचा, पोती, पाणी आणि मागे आंब्याचं कलम. दुसऱ्यात पोती, पाणी, मागे काळा कातळ, आणि पुढे पदर खोचून, पोत्यावर पाय ठेवून, शिकार केल्याच्या थाटात हसणारी खुद्द गोदाकाकी. खाली लिहिलेलं, 'झाला एकदाचा!'

काकीने मोबाईल डोळ्यांजवळ आणला, मग लांब नेला.

"अगो, हा तर केरूच्या वाडीचा! दोन दिवस घाम गाळला मी तिथं. फोटो पण काढायचा नाय?"

"काढायचा की. पण केरूदादांनी ह्या काठावरून काढला, तुम्ही त्या काठावरून. मला बंधारे दोन वाटले. तुमचा निरोप वरच्या वाडीतून आला, म्हणून मी वरच्या वाडीपुढे खूण केली." शमिकाचा चेहरा उतरला. "मी वर येऊन बघायला हवं होतं, काकी."

सरपंच हरिहरराव टेबलामागे बसून हे ऐकत होते. ते घसा खाकरून म्हणाले, "गोदाबाई, दहा पूर्ण म्हणून तालुक्याला कळवून बसलोय मी. आता हे उकरलंत तर गावात तुमचंच हसं होईल. पुढच्या वर्षी पहिला बंधारा तुमचा, झालं?"

काकीला लाज वाटली, नाही असं नाही. कान तापले तिचे. सगळ्यांना शिव्या घालायला आली होती आणि चोर सापडला घरातच. पण पऱ्याची धार करंगळीएवढी होत आली होती, हे तिने सकाळीच पाहिलं होतं.

"हसूदेत लोकांना. माझी लाज राखून कुणाची कळशी भरणार हाय?" असं म्हणून तिने शमिकाला मोबाईलवर आपलं बोलणं भरून ग्रुपवर टाकायला लावलं. "मी गोदा बोलते. झाला म्हणून मी कळवलं तो बंधारा केरूच्या वाडीचा. आमचा झालेलाच नाय. चूक माझी. पाणी चार दिवसांचा सोबती हाय. उद्या सकाळी या रे बाबांनो."

केरू उठला. "काकी, तू आमच्याकडे दोन दिवस राबलीस. आम्ही नाय आलो तर आम्हाला अन्न गोड लागंल काय?"

शमिकाने फळा पुसला. दहा जागांची नावं पुन्हा लिहिली आणि प्रत्येकीपुढे एकाच माणसाचं नाव घातलं. बंधारा झाल्याचं त्यानेच कळवायचं, बाकीच्यांनी नुसतं राबायचं. सगळ्यात वरच्या जागेपुढे नाव होतं गोदाकाकीचं.

मंगळवारी चाळीसेक माणसं चढ चढून आली. येताना काकीची यथेच्छ टिंगल झाली. "काकी, फोटोला उभी ऱ्हातेस ना?" कुणी विचारलं. "आधी पोतं उचल मेल्या!" काकी म्हणाली. दुपारपर्यंत पाणी तुंबलं. मोबाईल मात्र कुणीही खिशातून काढला नाही.

आठ दिवस गेले. फळ्यावर नऊच. सरपंच रोज विचारत आणि शमिका रोज सांगे, "काकींचा निरोप नाही." शेवटी ती स्वतःच चढून वर आली. काकी विहिरीच्या काठावर बसली होती.

"काय हो काकी, बंधारा होऊन आठवडा झाला म्हणतात. कळवलं का नाहीत?"

काकीने आत बोट दाखवलं. "ती ओली पायरी बघ. दर तीन दिवसांनी एक उघडी पडायची. बंधारा झाल्यापासून एक पण पडली नाय. तेवढं बघितल्याबिगर कसं कळवू गो? ह्या बायांना शब्द दिलाय मी." बोलता बोलता तिने पदराने नाक पुसलं.

शमिका तिच्याशेजारी बसली, वाकून पाण्याकडे बघू लागली. पाणी काठोकाठ नव्हतं, पण हललंही नव्हतं. निरोप पाठवायचा राहिलाय, हे दोघींच्या ध्यानात आलं ते बऱ्याच वेळानं.